दारातले बोंबील

उत्तनच्या टेकडीखालचं महायुद्धातलं लष्करी कोठार डागडुजी करून आता लोकांना बघायला उघडलंय. परवा आत शिरले, तर नव्या चुन्याच्या वासाखालून सुक्या बोंबलांचा वास आला आणि माझी आय समोर उभी राहिली.

तेव्हा मी शाळेत होते. लष्कर कधीच निघून गेलं होतं. आभाळ भरून आलं की आम्हा कोळ्यांचे ओले बोंबील त्याच कोठारात दोऱ्यांवर चढायचे. अशाच एका सकाळी एक ठेकेदार कोठार पाडायला माणसं घेऊन आला. आय दाराच्या दोन कड्यांना दोरी बांधून, बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या टाकत होती.

"मावशी, खाली करा हे. तोडायचंय."

"सुकले न्हाय अजून."

"कधी सुकणार?"

"ऊन पडंल तवा."

तिनं मान वळवली नाही. खारं पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं. मागे बाकीच्या बायका भरल्या टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या. माणसं कंटाळून गेली. पुन्हा आली तेव्हा लख्ख ऊन होतं, तरी दारात ओलेच बोंबील होते. मला वाटायचं, आय मासळीसाठी भांडतेय. ती कोठार राखत होती, हे आज कळतंय.

परवा माहिती सांगणाऱ्या मुलीनं कडीवरची घासलेली खाच दाखवली. "इथे सैनिक काहीतरी बांधत असतील."

"न्हाय गो, ती माझ्या आयची दोरी. फलकावर लिहा. नाही लिहिलंत, तर उद्या टोपली घेऊन मी याच दारात बसते."