कौसल्येची जीभ

दारूच्या वासानं कौसल्येच्या अंगावर काटा येई, आणि नेमकी त्याच वासावर तिची चूल पेटत होती. नवरा महिपती दारूपायी गेला, तेव्हा ती काटेवाडीहून बारामतीजवळच्या एका वायनरीत बाटल्या धुवायला जाऊ लागली. ही बाई नुसत्या वासावर बिघडलेली टाकी ओळखते, हे तिथल्या साहेबांच्या ध्यानात आलं. ओळखणारच! नवऱ्यानं आज काय ढोसलंय, हे दारातूनच ताडण्यात तिचा संसार गेला होता.

पुढं तिला चव घ्यायला बसवलं. घोट घ्यायचा, तोंडभर घोळवायचा, बादलीत थुंकायचा. थेंब कधी घशाखाली गेला नाही. गावाला मात्र बादली दिसत नव्हती. "कौसीचं बरं हाय, पगार घिऊन पिती," असं बाया म्हणत. स्वतःच्या घरातले पिणारे पदराखाली झाकून वर ही जीभ!

त्या दिवशी नवी लाल वाईन टाकीतून काढली होती. गडद, दाट. कौसल्येनं पेला पांढऱ्या कापडासमोर धरला, मग घोट घोळवला. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळल्या. पण त्या तुरटपणामागं मिरी होती, पिकल्या करवंदाचा गर होता.

"अंगानं भरल्याली हाय, पण लई आडदांड," ती म्हणाली. "लाकडी पिपात वरीसभर बसू द्या, मग बघा."

साहेबांनी मान डोलावली. तिच्या मताला मान डोलावणारी जगात ही एवढीच जागा होती.

तेवढ्यात दीर मानसिंगचा फोन आला. "वैनी, वडगावचं पाव्हणं आल्यात सोनलला बघाया. लगोलग या." लेकीसाठी ती तशीच, चूळही न भरता धावत सुटली.

दारात हसून तिनं "या, बसा" म्हटलं आणि मुलाची आई म्हाळसाबाई तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. कोवळ्या वाईननं दात जांभळे-काळे झाले होते. सोनलचा चेहरा उतरला. मुलगा तिच्या मनात भरला होता.

"मिशरी लावत्यात आमच्या वैनी," मानसिंगनं थाप ठोकली.

म्हाळसाबाई खुलल्या. त्यांचे स्वतःचे दात काळेकुट्ट. कमरेची डबी काढून त्यांनी पुढं केली. "मग घ्या की! घरी भाजल्याली हाय."

जळक्या तंबाखूची ती पूड. सोनल डोळ्यांनीच विनवत होती. कौसल्येनं चिमूट उचलली, दातांवर घासली. घेरी आली, तरी हसली. लग्न ठरलं.

थाप मारली दिरानं, निभावली हिनं. लग्नापर्यंत येणंजाणं झालं, दर वेळी डबी पुढं आली. शेवटी डबीवाचून हिलाच चैन पडेना.

लग्नात व्याही पिऊन मांडवातच आडवे झाले. "दमल्यात बिचारं," म्हणत चौघांनी त्यांना अलगद उचलून नेलं. एकानंही नाक मुरडलं नाही. कौसल्येला संताप आला, आणि तो तिनं आहेराच्या ताटाखाली दाबला.

वर्षानं पीप उघडलं. साहेबांनी पेला तिच्या हाती दिला आणि ते वाट पाहू लागले. तिनं घोट घोळवला. मिरी शोधली, करवंद शोधलं. तोंडात जळक्या तंबाखूशिवाय काही लागेना.

बादली पायाशीच होती. कौसल्येनं आयुष्यात पहिल्यांदाच तो घोट गिळला.

"सायेब," ती म्हणाली, "मला परत बाटल्या धुवायलाच घ्या."