गोजरबाई आणि अंड्यातला डोळा

हसनाबादेत कोंबड्या पुष्कळांकडे होत्या, पण गोजरबाईच्या हाताला यश होतं. इतरांची खुडूक कोंबडी पंधरा अंड्यांवर बसून आठ-नऊ पिल्लं काढायची; तिची तेरा-चौदा. नवरा कडूबा दिवसभर शेतात, ती आपल्या खुराड्यापाशी, आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

१९५७ च्या डिसेंबरात हेडमास्तर वामनरावांची मुलगी अरुंधती हैदराबादेहून सुट्टीला आली आणि एके सकाळी गोजरबाईच्या ओसरीवर येऊन बसली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. अंड्यातल्या पिल्लाच्या बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, तो आधी धुरकट असतो आणि चौदाव्या दिवसापासून निवळत जाऊन एकोणिसाव्याला स्वच्छ होतो, असं तिच्या पुस्तकात होतं. तिला ते डोळ्यांनी पाहून चित्रं काढायची होती. घरात आई अंडं येऊ देईना, म्हणून ती इथे आली होती.

गोजरबाईची तांबडी कोंबडी तेव्हा बारा दिवसांपासून बसलेलीच होती. पण गोजरबाईचं मन होईना. खायला अंडं फोडणं वेगळं आणि जीव धरलेलं अंडं फोडणं वेगळं. रात्रभर विचार करून तिने सहा अंडी द्यायचं कबूल केलं. उरलेल्या नवांना हात लावायचा नाही, ही अट. अरुंधतीने ती मान्य केली.

चौदाव्या दिवसापासून रोज सकाळी एक अंडं फुटू लागलं. अरुंधती बारीक कात्रीने तो पडदा कापून घ्यायची, पाण्यात धुवायची आणि वर्तमानपत्रातल्या अक्षरावर ठेवायची. पहिल्या दिवशी खालचं अक्षर ओळखूच येईना. गोजरबाई शेजारी बसून बघायची. तिला वाचता येत नव्हतं, पण काळं कुठे पुसट दिसतं आणि कुठे ठळक, हे कळायला अक्षरओळख लागत नाही. हे निवळतं कसं, असं तिने विचारलं. पडद्यात पाणी भरलेलं असतं, ते हळूहळू निघून जातं आणि त्याचे पदर एकमेकांना घट्ट बसतात, असं अरुंधतीने सांगितलं.

गोजरबाईने मान डोलावली. "लोण्यावानीच की ताई. कढताना ढवळं दिसतं. पाणी उडालं की तूप निवळतं."

अरुंधतीने हातातली कात्री खाली ठेवली आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

पण अठरावा दिवस उजाडला तरी अक्षर पुसटच होतं. सोळाव्या दिवशी दिसायला हवं होतं, तेवढंच. अरुंधतीचा चेहरा उतरला. आपला हात चुकतोय की पडदा धुताना खराब होतोय, तिला कळेना. आता एकच अंडं उरलं होतं, आणि प्रोफेसरांना काय दाखवायचं याची तिला काळजी लागली.

"गोजरमावशी, बारा दिवस बराबर मोजले होते ना?"

"दिस बराबर हायेत," गोजरबाई म्हणाली. "पर कोंबडी बराबर बसली न्हाई. तुम्ही यायच्या आधी मुंगूस आल्तं खुराड्यापाशी. चार दिस ती भिऊन सारखी उठून जायची. थंडीत अंडी गार पडली, मागं राह्यली. तुम्ही इचारलं न्हाई, म्हणून मी बी बोलले न्हाई."

"मग आता?"

"मंग काय, एकोणिसाव्यावर दोन दिस जास्तीचे थांबा. हे शेवटलं एकविसाव्याला फोडा."

अरुंधती थांबली. त्या तीन दिवसांत ती नुसतीच येऊन ओसरीवर बसायची आणि गोजरबाईबरोबर तुरीच्या शेंगा सोलायची. एकविसाव्या सकाळी तिने पडदा कागदावर ठेवला, तेव्हा तो कुठे आहे हे क्षणभर सापडेना. खालचं 'म' छापल्यासारखं लख्ख दिसत होतं. दोघी बराच वेळ त्यावर वाकून राहिल्या.

उरलेल्या नऊपैकी आठ पिल्लं तेविसाव्या दिवशी बाहेर आली. एकाला गोजरबाईने पदरात धरून अरुंधतीच्या हातात दिलं. त्याने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, तशी ती हसली.

पुढच्या डिसेंबरात अरुंधती पुन्हा आली. गोजरबाईने दोन कोंबड्या आधीच बसवून ठेवल्या होत्या, आणि कोणती किती वेळ उठली होती, हे तिने न विचारताच सगळं सांगितलं.