बंटीची गोळी आणि एकसारखे तीन पेढे

विषय : कुत्र्याच्या हृदयात जंत होऊ नयेत म्हणून द्यावयाच्या मासिक गोळीबाबत.
संदर्भ : मुलीचा फोन, डॉक्टरांची तंबी आणि आमचा नगरपंचायतीकडील डास-फवारणीचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार या प्रकरणी तोंडावर आपटला आहे. कसा, ते चहा संपेपर्यंत सांगतो. गावाचं नाव विचारू नका. मेहकरहून बसनं जवळ आहे, एवढं पुरे. अर्ज अजून आत आहे ना!

बंटी हा माझ्या मुलीचा कुत्रा. ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि बंटी आमच्याकडे प्रतिनियुक्तीवर आला. सोबत गोळ्यांचं पाकीट आणि 'गोळी दिली का?' असा मुलीचा फोन. ठणठणीत जनावराला गोळी कशाला? मेहकरच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारलं.

"काका, डास चावला का बारीक अळी अंगात जाते. मंग थे हृदयात जाऊन वाढते. शेवयांवानी लांब जंत होतात! झाल्यावर इलाज लय अवघड. रक्त तपासलं, साफ निंगालं. आता महिन्याले एक गोळी. चुकवू नका."

शेवया! त्या दिवसापासून मी शेवयांची खीर सोडली. आणि जन्माच्या सवयीनं लगेच अर्ज ठोकला : 'प्रभागात डासांचा प्रादुर्भाव, धूरफवारणी होणेबाबत.'

इकडे बंटी गोळी खाईना. पोळीत घातली, तर पोळी पोटात आणि गोळी फरशीवर. भाकरीत घातली, तरी तेच. इतक्या सफाईनं त्रुटी बाजूला काढताना मी फक्त लेखापरीक्षकांना पाहिलं होतं. असं करता करता गोळ्या विरघळून वाया गेल्या आणि पाकिटात एकच उरली.

शेवटी कार्यालयीन अनुभव कामी आला. अडलेलं प्रकरण कशानं हलतं? पेढ्यानं! तीन पेढे आणले, एकात गोळी दाबली आणि ओळख पटावी म्हणून त्यावर अंगठा उमटवला.

तेवढ्यात फाटक वाजलं. नगरपंचायतीचे निरीक्षक! स्थळपाहणीला! अर्ज केल्यावर माणूस आपल्या पायांनी येतो, हे मी नोकरीत असताना कधी पाहिलं नव्हतं. मी धावत पुढं झालो, खुर्ची पुसली, नाली दाखवली. आत आलो तर सौभाग्यवती चहा आणि पेढ्यांची ताटली घेऊन उभी. पेढे तिन्ही गोल गरगरीत. अंगठा गायब!

"अगं, हे पेढे..."

"तुमीच त आनले! एक चेपला होता, पुन्हा वळला. पाव्हण्यासमोर असा ठेवतेत का?"

निरीक्षकांनी एक उचलला. "तुमी बी घ्या ना काका. एकट्यानं गोड खात नाही मी."

मला साखरेचा आजार. बायकोचे डोळे मोठे झाले. पण दारी आलेल्या अधिकाऱ्याचा आग्रह मोडायचा? अर्ज मंजूर व्हायच्या आधी? मी एक घाईघाईनं गिळला. तिसरा बंटीपुढं टाकला. त्या फितुरानं तो न हुंगता मटकावला!

"फवारणी करून टाकू. टेन्शन नका घेऊ," म्हणून साहेब गेले.

आता सांगा, गोळी कुणाच्या पोटात?

डॉक्टरांना फोन लावला. ते आधी हसले, मग गंभीर झाले. "बंटीनं खाल्ली का नाही, खात्री झाल्याशिवाय दुसरी देऊ नका. अन् नसंल खाल्ली, त त्याचा महिना चुकते. थ्या साहेबाले इचारा, कडू लागलं का. हात बी धुवाले सांगा."

आता अधिकाऱ्याला, "तुम्ही कुत्र्याची गोळी खाल्लीत का?" असं सरळ कसं विचारणार? म्हणून मी मोघम कार्यालयीन भाषा वापरली. इथंच माती खाल्ली.

"साहेब, मघाचा पेढा आपण खाल्ला, की सोबत नेला?"

"खाल्ला. काऊन?"

"त्यात आमच्याकडून एक वस्तू ठेवण्यात आली होती."

"वस्तू? कोनती वस्तू?"

"संबंधितांशी आत्ताच बोलणं झालं. आपले हात धुऊन घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं आहे."

सरकारी नोकरी केलेल्यांना कळलंच असेल. इतरांसाठी सांगतो : लाच घेताना पकडायचं असलं की नोटांना पावडर लावतात आणि मग साहेबांचे हात धुतात. पाण्याला रंग चढला की साहेबांचा उतरतो. अख्खी हयात कार्यालयात घालवून हे मलाच सुचू नये?

"काका, मी पैसे मांगतले का तुमाले?" साहेबांचा आवाज चिरकला. "पेढा तुमच्या बाईनं देल्ला! मी फक्त चहा पेत होतो!"

"तसं नाही साहेब, ते कुत्र्यासाठी होतं..."

"आता कुत्रा बी म्हना मले!"

फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना. खुलासा करायला तडक कार्यालय गाठलं. खुर्ची रिकामी. शिपाई मला खालून वर न्याहाळत म्हणाला, "साहेब सुट्टीवर गेले. तुमचा अर्ज टेबलावर हाय, पन त्याले कोनी हात लावून नाही राह्यलं."

घरी येऊन बायकोचं सगळं ऐकलं, जेवायच्या आधी चूळ भरायला कवळी काढली, आणि पाहतो तो काय? टाळूच्या बाजूला अर्धी गोळी चिकटलेली! घाईत गिळलेल्या पेढ्याची कडू चवसुद्धा त्या प्लास्टिकनं मला लागू दिली नव्हती.

बायकोनं कवळीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "बंटीनं त फरशीवर टाकली असती बिचाऱ्यानं. त्याले तेवढी अक्कल हाय."

डॉक्टरांना कळवलं.

"मंग बंटीनं खाल्ली नाही, हे पक्कं झालं! बुलढाण्याहून गोळी मांगवतो, मीच देतो त्याले."

"आणि माझं काय?"

"तुमी मानसाच्या डॉक्टरले दाखवा काका. बाकी या महिन्यात तुमच्या हृदयात शेवया होत नाहीत, एवढं लेखी देतो!"

सद्यःस्थिती : बंटीला डॉक्टरांनी गोळी दिली, ती त्यानं मुकाट्यानं खाल्ली. माझी प्रकृती ठीक आहे. निरीक्षक अद्याप रजेवर आहेत. डास पूर्ववत. फवारणीचा अर्ज प्रलंबित आहे.