हातभर गुळगुळीत भिंत

आम्ही शेजारी म्हणत असू, फळीकाका माणसांशी तुटक आणि भिंतींशी लाघवी. रस्त्याने जाताना त्यांचा तळवा कुठल्या ना कुठल्या भिंतीवरून फिरत असे. त्यांची सून हसून सांगायची, "बाबा घरात एक खिळा मारू देत नाहीत. भिंतीला दुखतं म्हणे."

ते सुतार. शहरातलं ग्रंथालय, कचेरी आणि टेकडीवरचं प्रार्थनागृह एकाच वास्तुविशारदाचं. तिन्हींचे लाकडी साचे काकांचे. त्या वास्तुविशारद साहेबांना गिलावा वर्ज्य. फळ्यांच्या साच्यात काँक्रीट ओतायचं, ते घट्ट झालं की फळ्या काढायच्या. लाकडाच्या रेषा आणि गाठी भिंतीवर जशाच्या तशा उमटतात. म्हणून फळीची खरबरीत बाजू आत, काँक्रीटकडे, आणि रंधा मारलेली बाहेर, हा नियम.

प्रार्थनागृहाच्या दाराशी मात्र कमरेच्या उंचीवर हातभर पट्टा गुळगुळीत आहे. तो तसा का, याचं मला फार दिवसांपासून कुतूहल होतं. पाहायला येणारे विद्यार्थी त्याला 'खडतर वाटेवरचा विसावा' म्हणत आणि वहीत लिहून नेत. काकांना विचारलं की उत्तर एकच, "बघ की हात लावून."

इमारतीला पन्नास वर्षं होणार म्हणून विश्वस्तांनी डागडुजी काढली. पट्टा साहेबांच्या मनातला असेल तर ठेवायचा. चूक असेल तर छिन्नीने टोचून बाकीच्या भिंतीसारखा करायचा, असं ठरलं. साहेब हयात नव्हते. काकांना बोलावणं आलं; सोबत मी गेलो.

दारातच चिटणीस त्यांच्या कानाशी लागले. "काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेबांनीच सांगितलं होतं म्हणा, विषय संपला."

काकांनी पट्ट्यावर हात ठेवला. तो टोचला जाऊ नये असं त्यांना वाटतंय, हे त्यांच्या बोटांवरून दिसत होतं.

"फळी मी उलटी ठोकली," ते म्हणाले. "साहेबांनी पाहिलं. बराच वेळ उभे राहिले. राहू दे म्हणाले, का ते नाही सांगितलं."

"म्हणजे चूकच," अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात एक आजीबाई आल्या. "सरका जरा," म्हणत त्यांनी काकांचा हात बाजूला केला, पट्ट्याला धरून एका पायावर तोल सावरला, चपला काढल्या आणि आत गेल्या.

"मग टोचायला हरकत नाही ना तुमची?" अध्यक्षांनी विचारलं.

"टोचा खुशाल. चूक माझीच आहे. फक्त चपला काढताना म्हाताऱ्यांनी तुमच्यापैकी कोणाला धरायचं, तेवढं दारावर लिहून ठेवा."