बंबातला वास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काय, ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या लोणीच्या घरात न्हाणीशेजारी तांब्याचा बंब होता. सकाळी त्यात गोवऱ्या-काटक्या टाकायच्या, पाणी तापलं की सगळ्यांच्या आंघोळी. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझा सागर तेव्हा तान्हा होता आणि सारखा आजारी. त्याच हिवाळ्यात बंब पेटला की घरभर घाण वास सुटायला लागला.

सासूबाईंनी तो वास शोधायला अख्खं घर कामाला लावलं. पाण्यात पाल पडली असेल म्हणून बंब उपडा करून चिंचेनं घासला. सरपणात घूस मेली असेल म्हणून लाकडं उन्हात काढली. मीही शोधत होते — पदर नाकाला लावून, सगळ्यांच्या पुढे! मला माहीत होतं तो कशाचा आहे ते.

वास माझ्या केसांचा होता. बाळंतपणानंतर केस मूठमूठ गळत होते. एरवी विंचरल्यावर निघालेलं गुंतवळ आम्ही बायका जपून ठेवायचो, केसांवर भांडी देणारी आली की तिला द्यायचो. पण एवढं गुंतवळ सासूबाईंनी पाहिलं असतं तर? लग्नात माझ्या वेणीचं केवढं कौतुक झालं होतं! मला लाज वाटायची. म्हणून ते गुंडाळून मी गोवऱ्यांखाली सारायचे. डोक्यावर पदर असायचा, कुणाला काय कळणार?

एक दिवस जाळीखालची राख काढताना अर्धवट जळालेला गुंता सासूबाईंच्या हाताला लागला. त्यांचा चेहराच उतरला. आमच्याकडे केस जाळणं म्हणजे करणी, आणि घरात लेकरू आजारी. आई आपल्याच लेकरावर करणी करील का? मग राहिली कोण — माझी धाकटी जाऊ, मंगल. लांब, दाट केसांची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मूल नसलेली.

“पोटाला न्हाई म्हून माझ्या नातवावर उठलीस व्हय गं?” सासूबाई ओरडल्या.

मंगल माझ्याकडे वळली. “अक्का, म्या न्हाई वो. तुमी तरी सांगा!”

मी सागरचं टोपडं नीट करत बसले. ते नीटच होतं.

सागरला न्हाऊ घालायची ती मंगलच. माझ्याकडे किरकिरणारं पोर तिच्या पायांवर गप्प पडून राहायचं. त्या दिवसापासून तिनं त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं.

इथवरचं भित्रेपणा म्हणून खपूनही गेलं असतं. पण सांगायचं ते पुढेच आहे. मी केस ट्रंकेत लपवायला लागले. वास थांबला, सागरही बरा झाला, सासूबाई निवळल्या. एका सकाळी त्यांनीच मंगलला बंब पेटवायला सांगितलं — आणि बाळालाही तूच न्हाऊ घाल, म्हणाल्या. मंगलचा उजळलेला चेहरा मी पाहिला. सागर माझ्या कडेवरून तिच्याकडे झेपावला, तेही पाहिलं. ती पंचा आणायला आत गेली, तेव्हा मी ट्रंकेतलं गुंतवळ आणून पेटत्या बंबात टाकलं. जाणूनबुजून. त्या वेळी कसली भीती होती मला? कसलीच नाही. माझं पोर तिच्याकडे झेपावलं, एवढंच सहन झालं नाही.

वास घरभर झाला. या खेपेला मंगलनं ‘म्या न्हाई’ म्हटलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढे दोघं नवरा-बायको वेगळी होऊन पेठला राहायला गेली.

नंतर गच्चीवर सोलर आलं, बंब माळ्यावर गेला. सागर बारावी होऊन कॉलेजला पुण्याला निघाला, त्या दिवशी मंगल पेढे घेऊन आली. तो पाया पडायला वाकला तशी तिनं पाय साडीत ओढून घेतले. “लांबूनच, बाळा. लई मोठा हो,” म्हणाली आणि लगेच उठली.

“आई, काकू मला कधी जवळ का घेत नाय गं?” सागरनं विचारलं.

“तिचा स्वभावच तसा आहे,” मी म्हणाले.

मंगल अजून ओसरीवर चप्पल घालत होती. तिनं ऐकलं.