पाच बोटांची हाडं

बाबांची होडी बुडाली त्याला चार महिने झाले होते. बरोबरचे तिघे पोहत किनाऱ्याला लागले, बाबा लागले नाहीत. मी मुंबईला इंटर सायन्सला होतो. सुट्टीत चौलजवळच्या आमच्या कोळीवाड्यात आलो की आईच्या तोंडाकडे बघवत नसे. ओहोटी लागली की ती किनारा धुंडाळायला निघे. जेवण तर तिनं टाकलंच होतं.

एका सकाळी तिनं पदरातून हाडं आणली आणि सुपात ठेवली. मनगट, तळवा, पाच बोटं. सुकलेल्या चिवट शिरांनी अजून जोडलेली. शेजारणींनी हंबरडा फोडला. आमच्यात बाई लग्नातच उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला देते, नवऱ्याला सांभाळ म्हणून. डाव्या हातातल्या तेवढ्या राहतात. त्या फोडायला एक म्हातारी पुढं सरकली.

आईनं तिला थांबवलं. मला म्हणाली, "तू शिकलास ना रं? सांग, ह्यो तुज्या बापाचाच हात हाय ना?"

मी वाकून बघितलं. बायकांनी बोटं मोजली होती, सांधे कुणी मोजले नव्हते. एका बोटात तीनच्या जागी सात हाडं होती. हा गाद्याचा, म्हणजे डॉल्फिनचा पोहायचा पर होता.

आमचे प्राध्यापक हे मोठ्या खुशीत शिकवायचे. होमोलॉगस, म्हणजे समजात. शब्द मूळ ग्रीक, 'सारखं' आणि 'प्रमाण' ह्या दोन शब्दांचा मिळून झालेला; भूमितीतून प्राणिशास्त्रात आलेला. गेल्या शतकात एका इंग्रजानं अर्थ पक्का केला: रूप आणि काम कितीही बदलो, अवयव तोच. तो तोच का, हे मागाहून कळलं. पूर्वज एक, म्हणून माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि डॉल्फिनचा पर यांच्या आतली मांडणी एक. मी हे घोकून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आग लागो त्या मार्कांना.

नुसतं हो म्हटलं असतं तर ती सुटली असती. पण खोटं बोलायला जीभ रेटेना, आणि खरं सांगू, थोडी विद्येची घमेंडही होती.

"नाही गं आये, गाद्याचा पर आहे हा. आतून आपल्या हातासारखाच असतो."

तिनं सुपातली बोटं एकेक करून चाचपली. मला स्वतःचीच शिसारी आली.

"आपल्यासारखाच हाय ना?" ती म्हणाली. "मंग ह्यालाच अग्नी दे." आणि तिनं डावा हात म्हातारीपुढं धरला.