विहिरीचं इंजन जीपला

अब्राहाम मिस्त्रीनं घटकाभर एका जागी बूड टेकलंय, असं तिसगावात कुणी पाहिलं नव्हतं. रविवारी ख्रिस्ती देवळात पाळकसाहेबांचा उपदेश चालू असला तरी ह्याचा गुडघा आपला हलतोच आहे, आणि बायकांच्या बाजूनं त्याची बायको लिडिया डोळे वटारते आहे, हे नेहमीचं. हाताला पाना नसला की त्याला जेवण गोड लागायचं नाही.

आसपासच्या वीस गावांतल्या विहिरींवरची डिझेल इंजनं ह्याच्या जिवावर चालायची. पण बाहत्तर साल आलं आणि विहिरींनी तळ दाखवला. पाणीच नाही तर इंजन कशाला, आणि इंजन नाही तर मिस्त्री कशाला! चार महिने माणूस घरात. अहो, बिनकामाचा मिस्त्री म्हणजे घराला ताप. त्यानं भिंतीवरचं घड्याळ दोनदा खोललं. लिडियाचं शिवणयंत्र धड चालत होतं, ते दुरुस्त करायला घेतलं आणि बंद पाडलं. लिडिया कावली. "अहो, पाया पडते, बाहेर कायतरी बिघडलेलं हुडका," म्हणाली.

बिघडलेलं घरामागंच होतं. नगरच्या लष्करी लिलावातली एक जुनी जीप त्यानं हौसेनं आणून ठेवली होती. तिचं पेट्रोलचं इंजन चिरलेलं, आणि बॉनेटखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. मिस्त्री रोज तिच्याभोवती दोन चकरा मारायचा आणि उसासा टाकून परत यायचा.

अशात एका मंगळवारी वरल्या वाडीचा गहिनीनाथ आला. वाडी डोंगराच्या सोंडेवर, बारा घरांची, सगळी एका भावकीची. तोंड उतरलेलं होतं त्याचं.

"मिस्त्री, वाडी उठती आता," तो म्हणाला. "टँकर खाली वढ्यापाशी पानी वततो आन् माघारी फिरतो, वर चढतच न्हाई. बाया घागरी घिऊन चढत्यात, एका खेपंला तास जातो. आईतवारपत्तूर बघायचं, न्हायतर सोमवारी समद्यांनी दुस्काळी छावनीत जायचं, आसं ठरलंय. आमची म्हातारी तर म्हनती, मी हितनं हालनार न्हाई, हितंच मरंन."

मिस्त्रीचा गुडघा थांबला. "तुज्या हिरीवरचं आठ हॉर्सपॉवरचं इंजन कुठं हाय?"

"आसंल की पत्र्याखाली. काय करायचं त्येचं?"

"मला दे. आईतवारी तुज्या दारात दोन पिपं पानी न्हाई आनलं, तर हातात पाना धरनार न्हाई पुन्ना."

झालं! बोलून बसला. असली शपथ माणसानं घेऊ नये, पण चार महिने हात शिवशिवत असलेल्याला कोण सांगणार?

चढ उतरेपर्यंत गड्यांच्या खांद्यावरून आणि पुढं बैलगाडीत, असं इंजन खाली आलं. कोंबड्यांना हाकललं, चिरलेलं इंजन उपसून काढलं. नवं त्या जागी बसेना, म्हणून समोरची जाळी कापली, रेल्वेच्या जुन्या पट्ट्या आडव्या टाकून वर ते आवळलं. जीपच्या गिअरबॉक्सच्या दांड्याला एक पुली, इंजनाची पुली समोर, आणि विहिरीवर पंप फिरवायचा तोच पट्टा दोघींच्या मधे. चार दिवस मिस्त्री नीट झोपला नाही. भाकरी हातात घेऊन जीपखाली शिरायचा आणि भाकरी तिथंच विसरायचा. शनिवारी सकाळी हँडल मारलं. इंजन खोकलं, धूर ओकलं आणि फटफटायला लागलं. आख्खं तिसगाव गोळा झालं. जीप माणसाच्या चालीनं निघाली, पण निघाली!

असलं इंजन तापतं, त्याला गार ठेवायला सारखं पाणी लागतं, हे मिस्त्रीला माहीत नव्हतं असं नाही. मागं दोन पिपं ठेवायची होतीच. एकातून रबरी नळी काढून त्यानं इंजनाला जोडली. जीप प्याली थोडं तर पिऊ दे, असा हिशेब.

त्याच दुपारी ओढ्यापाशी दोन्ही पिपं काठोकाठ भरली. गहिनीनाथ शेजारी बसला. पहिला गिअर, चारी चाकांना जोर, आणि जीप खडकावर चढायला लागली. टँकर जिथून माघारी फिरतो तो चढ तिनं कण्हत कुथत पार केला. गहिनीनाथ ओरडायला लागला, "व्हय, व्हय, चढली, चढली!" मिस्त्रीला हसू आवरेना. अर्ध्या चढावर पहिलं पीप आटलं, त्यानं नळी दुसऱ्याला लावली. आता दुसरं काय करता? पाणी तुटलं तर इंजन जाम.

वाडीत पोचले तेव्हा बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. पिपात वीतभर पाणी होतं. आणायला गेली ते पाणी जीपच पिऊन बसली होती.

एक म्हातारी घागर उचलून घराकडं वळली. मिस्त्रीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गहिनीनाथची बायको चांगुणा तेवढी जीपपाशी आली आणि खाली वाकून बघायला लागली. इंजनाच्या दुसऱ्या नळीतून वाफाळतं पाणी भुईवर पडत होतं. आलेल्या वाटेवर ओली रेघ दिसत होती, थेट खालपर्यंत.

"मिस्त्री, ह्ये पानी खाली का सोडलंया?" तिनं विचारलं.

"म्हंजे? हिरीवर सोडतोच की."

"हिरीवर ते पाटात जातं, पिकाला जातं. मी त्याच ऊन पान्यात धुनं धुयाची. हितं कुठं पाट हाय? परत पिपात सोडा की!"

मिस्त्रीनं वाकून त्या नळीकडं बघितलं. वीस वर्षं वीस गावांची इंजनं ह्या हातांनी खोलली आणि जोडली. प्रत्येक विहिरीवर पाणी इंजनातून निघून पाटाला लागतं, म्हणून इथंही त्याच्या हातांनी नळी सवयीनं भुईकडं सोडली. डोक्याला कुणी विचारलंच नव्हतं. "आरं माज्या देवा!" म्हणून त्यानं कपाळावर हात मारला, आणि ओरडलाच, "नळी आना कुनीतरी! लांब नळी!"

रविवारी लिडियानं विचारलं, "उपासना बुडवनार आज?" त्यानं हँडल मारलं. इंजनातून निघालेली नळी आता परत पिपात आलेली होती. पाणी फिरत होतं, तापत होतं, सांडत नव्हतं. चढावर मिस्त्री दर चार हातांवर मागं वळून पिपात बघायचा. पिपं भरलेलीच! पाण्याला हात लावला तर चटका बसला. त्याच्या छातीत आनंद मावेना.

वाडीत जीप थांबली. बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. पण पुढं कुणी येईना.

मिस्त्रीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्याचा आजा गावकुसाबाहेरच्या कुठल्या वाड्यातून उठून ख्रिस्ती झाला, हे ह्या भागात शेंबड्या पोराला माहीत होतं. इंजन दुरुस्त करणारे हात वेगळे, पिण्याचं पाणी भरून आणणारे हात वेगळे. गहिनीनाथनं मान खाली घातली.

तेव्हा त्याची आई, म्हातारी राहीबाई, काठी टेकत पुढं आली. वाफेकडं बघितलं. एक बोट बुडवून झटकन मागं घेतलं.

"आगं, उकळलंय की ह्ये!" ती बायांवर खेकसली. "इस्तवातनं निघालेल्या पान्याला कसला आलाय इटाळ? भरा मुकाट्यानं!"

झालं, अडसर निघाला. घागरींवर घागरी लागल्या. बाया हसायला लागल्या, गहिनीनाथनं मिस्त्रीला मिठी मारायला हात उचलले आणि मधेच खाली घेतले. छावणीत जायचं बोलणं तिथंच संपलं. बारा घरं राहिली.

मिस्त्री जीपला टेकून उभा होता. त्याला राग आला होता. लई राग आला होता. आणि वाडी राहिली म्हणून बरंही वाटत होतं, आणि ह्या दोन्हींचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. घसा मात्र धुरानं पार वाळला होता.

"वैनी, पानी द्या," तो चांगुणाला म्हणाला.

ती लगबगीनं आत गेली. निवत ठेवलेल्या घागरीतनं तांब्या भरून आणला. मायेनं म्हणाली, "बसा, मिस्त्री, दमलाव." त्यानं तांब्यासाठी दोन्ही हात पुढं केले. तिनं तांब्या वर धरला आणि नेहमीच्या सवयीनं, काहीसुद्धा मनात न आणता, त्याच्या ओंजळीत वरून धार सोडली.

त्यानं ओंजळ तोंडाला लावली आणि पाणी प्यायला.